3.72 जीबीचा पुरावा

चार जीबीचा एमपीथ्री प्लेअर म्हणून मी अठराशे रुपयांना जी डबी घेतली, तिच्यात प्रत्यक्षात 256 एमबी जागा होती. म्हणजे रुपयातला एक आणा. गोष्ट 2007 ची आहे. ती आज लिहायला बसलोय ते भाचीने गेल्या आठवड्यात मागवलेल्या पेनड्राइव्हमुळे. त्याच्याकडे येतोच.

तेव्हा मी रोज डोंबिवलीहून सीएसटीला जायचो. नोकरीला आठेक महिने झाले होते. आमच्या ठरलेल्या डब्यात एकाकडे खराखुरा आयपॉड नॅनो होता. मी तो एकदाच हातात घेतला आणि ओरखडा पडायच्या भीतीने लगेच परत दिला. माझ्या पगारात तो बसत नव्हता.

आज हसू येईल, पण त्या वेळी कुणाच्याही हातात प्लेअर दिसला की पहिला प्रश्न "किती जीबी?" हाच असायचा. 1998 मध्ये कोरियातून निघालेल्या एमपीमॅन या प्लेअरमध्ये 32 एमबी होते. नेहमीच्या 128 केबीपीएसच्या गाण्याला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे अर्ध्या तासात मामला खलास. कॅसेटची एक बाजू संपली म्हणा ना. पहिला आयपॉड 2001 च्या ऑक्टोबरात 5 जीबी घेऊन आला, पण त्याच्या पोटात हार्डडिस्क होती. नॅनोने 2005 मध्ये 4 जीबी नुसत्या मेमरी चिपवर दिले, आणि ती चिपच महाग होती. मग अठराशे रुपयांत फोर्टातल्या जिन्याखालच्या फळीवर चार जीबी कुठून येणार, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. पंचवीसशेचे अठराशे केले या आनंदात मी होतो.

वस्तू दिसायला झकास. नॅनोसारखीच पांढरी, पुढे गोल चाक. चाक फिरत मात्र नव्हतं, गोलात चार बटणं दडवली होती. खोक्यावर 'एमपी-4 प्लेअर' छापलेलं. पेन्सिल सेलच्याही लहान भावावर चालायचा, आणि स्क्रीनचा उजेड सात रंग बदलायचा. विकणारा माझ्याच वयाचा, मराठी. "दादा, तुम्ही आपले म्हणून सांगतो, बाजूवाल्याकडे घेऊ नका, तो डुप्लिकेट विकतो." इथे मी पाघळलो.

तरी मी अगदीच बावळट नव्हतो. म्हटलं, चार जीबी कशावरून? त्याने लगेच प्लेअर कंप्युटरला जोडला, माय कंप्युटर उघडलं, राइट क्लिक, प्रॉपर्टीज. 3.72 जीबी. मी म्हटलं, चार कुठे आहेत? यावर तो जे बोलला त्याला मी आजही मनातून दाद देतो. "कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज 1024 च्या. खऱ्या चार जीबीचे 3.72 च दिसतात. नकली असता तर पूर्ण चार दिसले असते."

हिशोब शंभर टक्के बरोबर होता. त्यामुळेच मी फसलो.

पहिले तीन-चार आठवडे काही तक्रार नव्हती. मी चाळीसेक गाणी भरली होती, ती छान वाजायची. पाच मिनिटांच्या गाण्याला पाच एमबी धरले तर दोनशे एमबीच झाले, खऱ्या जागेच्या आतच. या फसवणुकीची मेख इथेच आहे. वस्तू पहिल्या दिवसापासून बिघडलेली असती तर मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो असतो.

मग मी बाबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेट हातात घेतल्या. मंडळातल्या पखवाजी काकांनी वर्षानुवर्षं आषाढी-कार्तिकीला टेपरेकॉर्डर समोर ठेवून ध्वनिमुद्रण केलं होतं. एका पिशवीत अकरा कॅसेट, प्रत्येकीवर निळ्या शाईत साल. एकीवर फक्त 'पाऊस होता' एवढंच. टेपच्या हेडला स्पिरिटचा कापूस फिरवायचा, हेडफोनच्या भोकातून दोन्हीकडे पिन असलेली वायर कंप्युटरच्या मागच्या निळ्या भोकात घालायची, ऑडॅसिटी हा आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्राम चालू करायचा आणि बसायचं. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, त्याला शॉर्टकट नाही. रात्री जेवणं झाल्यावर एक, असं करत दोन आठवडे गेले. रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत सगळं. टाळांच्या मध्ये कुणीतरी खोकतंय, तेसुद्धा.

सगळं मिळून साडेसहाशे एमबीच्या आतबाहेर झालं. घरच्या कंप्युटरची हार्डडिस्क 40 जीबीची, ताईच्या प्रोजेक्टने गच्च भरलेली. तेव्हा मी त्या फायली प्लेअरवर कट-पेस्ट केल्या. कॉपी नाही, कट. एकही एरर आली नाही. अकराच्या अकरा नावं स्क्रीनवर दिसली, प्रत्येकीपुढे तासाभराचा अवधी. काकांच्या कॅसेट परत केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फास्टमध्ये एक अभंग लावला. सुरुवात उत्तम. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली आणि पखवाजाच्या ऐन उठावात खर्रकन आवाज होऊन हिंदी सिनेमातलं प्रेमगीत सुरू झालं. दहा-बारा सेकंद. मग भलत्याच वर्षीचा गजर, मग शांतता. आधी वाटलं चुकून बटण दाबलं गेलं. स्क्रीनवर मात्र नाव अभंगाचंच होतं आणि सेकंद पुढे सरकत होते. संध्याकाळी घरी येऊन जोडला तर विंडोजने विचारलं, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का?

दुकानात गेलो. पहिल्या फेरीत निदान झालं: व्हायरस. त्याने तिथल्या तिथे फॉरमॅट मारला आणि पुन्हा प्रॉपर्टीज उघडून माझ्याकडे वळवली. 3.72. "बघा दादा, चार जीबी आहेत ना?" दुसऱ्या फेरीत निदान: तुमचा कंप्युटर जुना आहे. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्या फळीवर दुसराच कुणी मोबाइलची कव्हरं विकत बसला होता. माझ्याकडे कागद म्हणून एक चिठोरं, '1 पीस ओके टेस्टेड'. पक्कं बिल मागितलं होतं तेव्हा "व्हॅट लागेल" म्हणाला आणि मी गप्प बसलो. दीडशे-दोनशे वाचवायला मी ग्राहक मंचाचा दरवाजा स्वतःच्या हाताने लावून घेतला होता.

खरं काय ते मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मित्राने सांगितलं. त्याने नखाने कडा उचकटून प्लेअर उघडला. आत एक कंट्रोलर, म्हणजे मेमरीचा कारभार बघणारी चिप, आणि एकच मेमरी चिप. भिंग लावून त्याने मेमरी चिपवरचा नंबर वाचून दाखवला, मध्येच '2जी' होतं. मी म्हटलं, म्हणजे निदान दोन जीबी तरी आहेत. तो हसला. चिपवर असतात ते गिगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा 256 एमबी.

मग 3.72 कुठून यायचे? कंप्युटर आत डोकावून जागा मोजत नाही, तो कंट्रोलरला विचारतो. कंट्रोलरमधला प्रोग्राम बदलून 'मी चार जीबी आहे' असं सांगायला शिकवलं की झालं. चोरालाच साक्षीला बोलावून त्याच्या जबानीवर आपण पैसे मोजतो. फॉरमॅट कितीही वेळा मारा, जबानी तीच. 256 एमबी भरले की पुढची माहिती एक तर हवेत जाते, नाहीतर फिरून पहिल्या पानापासून लिहिली जाते, आधीच्या मजकुरावर. माझं दुसरं झालं होतं. एमपीथ्री छोट्या छोट्या तुकड्यांची बनलेली असते; प्लेअरला पुढचा धड तुकडा सापडला की तो वाजवत सुटतो, मग तो कुठल्या का गाण्याचा असेना. म्हणून अभंगातून प्रेमगीत. आणि शेवटी कुठली फाइल कुठे आहे याची यादीच पुसली गेली, कारण ती अगदी सुरुवातीच्या पानांवर असते.

हे पकडायचा उपाय एकच: पूर्ण भरायचं आणि भरलेलं परत वाचून ताडून बघायचं. माझा प्लेअर सेकंदाला जेमतेम एक एमबी घ्यायचा, म्हणजे चार जीबी भरायला तासाहून जास्त. दुकानात कोण थांबणार आणि कोण थांबू देणार? विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

काका काही बोलले नाहीत. पिशवी पुन्हा दिली, पण ती मधल्या काळात माळ्यावर गेली होती आणि तो पावसाळा होता. अकरांपैकी सात निघाल्या. 'पाऊस होता' निघाली नाही, टेपवर पांढरी बुरशी धरली होती. प्लेअरच्या पैशांचं दुःख वर्षभरात सरलं, त्या चार कॅसेटचं नाही, आणि त्यात विकणाऱ्याइतकाच माझ्या कट-पेस्टचा हात आहे.

आता भाची. तिने ऑनलाइन 699 रुपयांना '2 टीबी'चा पेनड्राइव्ह मागवला, लग्नाचे व्हिडिओ ठेवायला. किंमत ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. तिला म्हटलं, एकही व्हिडिओ टाकू नकोस, आधी तपासू. विंडोजसाठी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, लिनक्स-मॅकवाल्यांसाठी एफथ्री. रिकामी जागा तो आपल्या आकड्यांनी भरतो, मग परत वाचतो आणि किती सुखरूप आलं ते सांगतो. पूर्ण 2 टीबी भरायला अशा संथ पेनड्राइव्हला दोन दिवस सहज लागतील, पण तितकं थांबायची गरज नसते. आम्ही 100 जीबीच भरायला सांगितले. सकाळी बघितलं तर 29 जीबीच्या पुढे सगळं खराब.

हाच प्रकार मेमरी कार्डात चालतो, आणि ज्यांना आता जुन्या आयपॉडची हौस आली आहे त्यांनीही जपावं. 2014 मध्ये बंद झालेल्या आयपॉड क्लासिकमधली हार्डडिस्क काढून मेमरी कार्ड बसवून विकतात. मी स्वतः असा एक घेतला. विकणारा माणूस सज्जन होता. त्यालाच कार्ड बनावट आहे हे माहीत नव्हतं. 'सेटिंग्ज'मध्ये दिसणाऱ्या आकड्याचा फोटो त्याने मला अभिमानाने पाठवला होता.

भाचीने चाचणीच्या निकालाचा फोटो जोडून सात दिवसांच्या मुदतीतच तक्रार टाकली. बिल होतं, पेमेंटची नोंद होती, खोकं उघडतानाचा व्हिडिओसुद्धा होता, ही पोरं माझ्यापेक्षा हुशार आहेत. कस्टमर केअरचं उत्तर आलं, कृपया प्रॉपर्टीजचा स्क्रीनशॉट पाठवा. तिने पाठवला. अर्ध्या तासात दुसरं उत्तर: "मॅडम, 1.81 टीबी दिसत आहे. 2 टीबीच्या डिव्हाइसला इतकीच जागा दिसते. प्रॉडक्ट ओके आहे."

तिने फोन माझ्यापुढे धरला. म्हटलं, निकालाचा फोटो पुन्हा पाठव, आणि हो म्हणेपर्यंत पाठवत राहा. जमलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 आहे. आज चौथा दिवस.