घरचे नियम: मास्टरचे की सगळ्यांचे?

जळगावात रविवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत काल्पनिक पात्रांची गोष्ट रंगवण्याचा खेळ खेळणाऱ्या एका गटापुढे पेच आहे: घरचे नियम, म्हणजे छापील नियमांत गटाने केलेले बदल, एकट्या डन्जन मास्टरने (गोष्ट पुढे नेणाऱ्या, राक्षस चालवणाऱ्या सूत्रधाराने) ठरवावेत की सर्वांनी मिळून?

वेळेच्या दृष्टीने एकट्याचा निर्णय सरस आहे. २०१४ च्या नियमांप्रमाणे जखमा भरून काढणारे औषध पिण्यात पात्राची त्या फेरीतली मुख्य कृती खर्च होत असे. अनेक गटांनी ती बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे मुख्य कृतीशिवायची छोटी जादा कृती, मानली आणि २०२४ च्या नियमांनी हीच सवलत अधिकृत केली. असा प्रश्न ऐन लढाईत निघाला, तर मास्टर तो एका वाक्यात मिटवतो. सर्वांची मते घेत बसल्यास समोरची शेवभाजी गार होते.

निःपक्षपातीपणाचे गणित मात्र गुंतागुंतीचे आहे. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की कौशल्याची कोणतीही चाचणी साधलीच, असे मूळ नियम म्हणत नाहीत. खेळाडूंना मात्र ते हवेच असते, त्यामुळे बहुमतात स्वार्थ मिसळतो. उलट, आपला राक्षस मरणाला टेकल्यावर मास्टरने नियम फिरवला, तर त्याला अडवणारे कोणी नसते आणि ही उणीव मला अधिक गंभीर वाटते.

टिकाऊपणात सर्वसंमतीचा, वहीत लिहून ठेवलेला नियम पुढे राहतो.

नवख्या गटाने किंवा एका बैठकीच्या खेळाने मास्टरवर सोपवावे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या मोहिमेत नियम आधी एकत्र ठरवावेत, खेळ सुरू असताना मास्टरचा तात्पुरता निर्णय मानावा आणि त्यावरची चर्चा बैठक संपल्यावर करावी.