मी सांगितला तस्साच रॅचेट

"सर, तुम्ही सांगितलाय तस्साच आहे." त्या विक्रेत्याचं हे पहिलं वाक्य, आणि आजही मी त्याला खोटं म्हणू शकत नाही. रॅचेट, म्हणजे एका दिशेला नट फिरवणारा आणि उलटा मोकळा फिरणारा खटक्याचा पाना, खरोखर मी सांगितला होता तस्साच होता. कारण माझी चिठ्ठी समोर ठेवूनच त्याने तो तयार केला होता.

जुन्या हत्यारांचा नाद असलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितोय. ज्यांना नाद नाही त्यांना वाटेल, एका पान्यासाठी एवढा जीव कशाला टाकायचा? घरातही हाच प्रश्न आला होता. उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

मला हवा होता तीन सुती रॅचेट, म्हणजे नटवर बसणारी वाटी, सॉकेट, ज्या चौकोनावर चढते तो तीन-अष्टमांश इंची असलेला. डोकं थेंबासारखं, निमुळतं होत दांड्यात मिसळणारं. जाड गोल डोक्याचे रॅचेट माझ्या हाताला कधी रुचले नाहीत, अडचणीच्या जागी ते आधी कशाला तरी अडतात. आतल्या चाकाला दात किती याचं मला फारसं वेड नाही. हल्ली 72 दातांचे, 80 दातांचे मिळतात. एक दात पुढे जायला 5 अंश किंवा 4.5 अंश फिरवलं की पुरे. सोय आहे, नाकारत नाही. पण 24 किंवा 36 दातांच्या चाकाचा सुटासुटा 'कट्‌-कट्‌' आवाज ऐकला की आत काय चाललंय ते हाताला कळतं. नव्यांची नुसती कुरकुर असते.

आणि मुख्य म्हणजे पाठीवर बटण हवं. ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रॅचेटच्या चौकोनावर एक छोटी गोळी असते, ती सॉकेटच्या आतल्या खळग्यात बसते आणि सॉकेट धरून ठेवते. साध्या रॅचेटवरून सॉकेट काढायचं तर ओढावं लागतं. बोटं तेलकट असली की ती झटापट बघण्यासारखी असते. बटणवाल्यात चौकोनाच्या मधून एक पिन जाते. बटण दाबलं की पिनेवरची खाच गोळीसमोर येते, गोळी आत सरकते आणि सॉकेट आपोआप हातात पडतं. एका हाताचं काम.

ही युक्ती पीटर रॉबर्ट्स नावाच्या पोराची. तो अमेरिकेत सीअर्स कंपनीच्या दुकानात विक्रेता होता आणि हे डोकं चालवलं तेव्हा त्याचं वय होतं 18. पेटंट मिळालं 28 सप्टेंबर 1965 ला, क्रमांक 3208318. कंपनीने हक्क घेताना ठरवलं की दर पान्यामागे 2 सेंट द्यायचे आणि एकूण 10 हजार डॉलर झाले की बंद. पुढे पाने लाखोंनी खपले. या वस्तूला फारशी किंमत नाही असं भासवून आपल्याकडून हक्क काढून घेतले, म्हणून रॉबर्ट्स कोर्टात गेला. ज्युरीने 10 लाख डॉलर द्यायला सांगितले आणि 1978 मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. म्हणजे ज्या पान्यापायी मी फसलो त्याच्या जन्मातच फसवणूक आहे. हे मला आधीपासून ठाऊक होतं, गप्पांत रंगवून सांगायचो. तरीही फसायचा तो फसलोच.

संग्राहकांना या जातीत दोन प्रकार दिसतात. काहींच्या दांड्यावर पेटंटचा क्रमांक ठोकलेला असतो, तर सुरुवातीच्या काहींवर नुसतं 'पॅट. पेंड.' म्हणजे अर्ज दिलाय, पेटंट अजून हातात नाही. क्रमांकवाला 28 सप्टेंबर 1965 च्या आधीचा असूच शकत नाही, एवढं पक्कं. उलट्या बाजूने मात्र तेवढी खात्री धरू नये. पेटंट मिळालं त्याच दिवशी कारखान्यातला शिक्का बदलत नाही. तरी 'पेंड.'वाले कमी दिसतात आणि जे कमी दिसतं त्याच्यामागे आमच्यासारखे धावतात.

तर मी ओळखीच्या संग्राहकांमध्ये एक शोधचिठ्ठी फिरवली. ती आज वाचली की लाज वाटते. 'तीन सुती, थेंबडोकं, बटणवाला. दांड्यावर पॅट. पेंड. हवं, क्रमांक नको. नव्याने क्रोम चढवलेला नको. किरकोळ ओरखडे चालतील, उलट असलेले बरे.' एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला किती कळतं हे दाखवायची खाज होती. म्हणून अक्षरं दांड्यावर कुठे असतात, केवढी असतात तेही लिहिलं आणि एका मित्राकडच्या नगाचा जवळून काढलेला फोटो जोडला. शिंप्याला कुणी याहून नीट माप दिलं नसेल.

तीन आठवड्यांनी फोन आला. माणूस बोलायला मऊ. "तुमच्यासारख्या जाणकाराच्या हातात जावा अशी इच्छा आहे, नाहीतर दुसरे एक जण मागे लागलेतच." हे 'दुसरे एक जण' प्रत्येक सौद्यात असतात आणि कधीच दिसत नाहीत. फोटो सहा आले, सगळे सरळ समोरून, लख्ख उजेडात. अक्षरं स्पष्ट. ओरखडेसुद्धा होते, अगदी किरकोळ, मी म्हटलं तसे. पाठीमागून आणि तिरप्या उजेडात एखादा काढा म्हणालो, तर "मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय सर." आधीचे सहा कशाने काढले हे विचारायचं मला सुचलं नाही. रक्कम पूर्ण आगाऊ दिली. किती ते लिहीत नाही.

रॅचेट आला, हातात छान बसला. बटण दाबलं की सॉकेट टपकन पडत होतं. आठ दिवस टेबलावर ठेवून येता-जाता फिरवत होतो.

नवव्या दिवशी सकाळी खिडकीजवळ बसून पुसत होतो. खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब दांड्यावर पडलं होतं. रॅचेट हळूहळू तिरका करत गेलो तशा गजांच्या सरळ रेषा दांड्यावरून सरकत गेल्या आणि अक्षरांपाशी येऊन वाकल्या. पाण्यात काठी वाकडी दिसते तशा. अक्षरं संपली की पुन्हा सरळ. मी चार वेळा फिरवून पाहिलं, चारही वेळा तिथेच.

भिंग काढलं. कारखान्यात अक्षरं आधी पोलादावर ठोकतात, मुलामा नंतर चढतो. त्यामुळे क्रोम अक्षरांच्या तळापर्यंत उतरलेलं असतं आणि कडा किंचित गोलसर वाटतात. इथे अक्षरांच्या तळाशी उघडं पोलाद होतं. कडांना बारीक उचललेली धार होती, नखाला लागेल एवढी. 'पॅट.' आणि 'पेंड.' एका रेषेत बसलेले नव्हते, दुसरा शब्द केसभर खाली. भोवतीची चकाकीही क्रोमची नव्हती. क्रोमला निळसर झाक असते. घासून बफ मारलेलं पोलाद त्याच्याशेजारी करडं दिसतं. एवढ्या जागेत त्याने क्रमांक घासून काढला होता आणि वर पंचाने माझी अक्षरं ठोकली होती. माझीच म्हणतो, कारण आकार आणि जागा मित्राच्या फोटोतली. खात्री म्हणून बोट ओलं करून तिथे टेकवलं आणि तसाच ठेवून दिला. दोन दिवसांत अक्षरं तपकिरी झाली, बाकी दांडा लख्ख.

व्हर्नियर, म्हणजे जाडी बारीक मोजायचं हत्यार, लावला. अक्षरांच्या जागी दांडा दोन्ही बाजूंच्या मानाने बारीक भरला. मग झाकण उघडलं. आतलं चाक, खटका, स्प्रिंग सगळं दुरुस्ती संचातलं नवंकोरं. त्यात वाईट काही नाही, जुन्या रॅचेटला नवे भाग घालणं हा रिवाज आहे. फक्त 'आतून अस्सल, कधी उघडलेला नाही' असं सांगून विकायचं नसतं. गंमत म्हणजे तो चालतो फार छान. आज माझ्या रोजच्या पेटीत आहे आणि तीन सुतींपैकी तोच आधी हाताला येतो.

याआधी मी एकदाच फसलो होतो, पण ते साधं होतं. झिजलेल्या दातांवर घट्ट ग्रीस थापून दिलं होतं. हातात फिरवताना लोण्यासारखा. अडलेल्या नटवर जोर दिला तेव्हा दात सुटले आणि माझी बोटं कडेच्या पत्र्यावर गेली. तेव्हापासून रॅचेट घेतला की ग्रीस धुऊन काढतो, चौकोन शिकंज्यात धरतो आणि दोन्ही दिशांना हळूहळू जोर वाढवून पाहतो. यालाही तसं पाहिलं होतंच. हा त्या परीक्षेत पास झाला म्हणून निर्धास्त राहिलो.

आता माझा खरा मूर्खपणा ऐका. रागाच्या भरात मी त्या माणसाला लांबलचक तक्रार लिहिली. सगळं मुद्देसूद: अक्षरांच्या तळाशी क्रोम नाही, कडांना धार आहे, दुसरा शब्द खाली घसरलाय, बफ मारलेला पट्टा करडा दिसतो. वाटलं, एवढे पुरावे समोर आले की गडी शरमेल. उत्तर दोन ओळींचं: "मलाही असाच मिळाला होता सर. जुन्या मालाला परतावा नसतो." नंतर फोन बंद. व्यवहाराचा कागद नव्हता आणि 'अस्सल' हा शब्द तो फक्त तोंडी बोलला होता. लेखी मागितला असता तर कदाचित तिथेच पाणी मुरतंय हे कळलं असतं.

आता शोध सांगायची माझी पद्धत बदलली आहे. 'तीन सुती, बटणवाला' एवढंच सांगतो. शिक्का कोणता, कुठे, कसा ते समोरच्याने सांगायचं. फोटो मागताना कारण देत नाही. खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब दांड्यावर पडेल असा एक हमखास मागतो, आणि 'कशाला?' असं विचारलं तर 'सवय आहे' म्हणतो. हे सगळं इथे लिहितानाही हात थोडा आखडतोय, कारण वाचणारे सगळेच घेणारे नसतात. पण घासून गेलेलं पोलाद मुलामा देऊन परत येत नाही, म्हणून प्रतिबिंब आणि जाडी या दोन गोष्टी बिनधास्त लिहिल्या.

हे लिहायला निमित्त झालं ते गेल्या महिन्यात. माझ्या त्याच शोधचिठ्ठीतून 'पेंड.'वाला प्रकार माहीत झालेल्या एका मित्राला तसाच रॅचेट देऊ केला गेला. फोटो त्याने मला दाखवले. उजेड तसाच लख्ख, फोटो सहाच, बोलणंही तेच मऊ. मी मोठे करून पाहिले. दोन्ही शब्द एका रेषेत होते, कडा गोलसर होत्या आणि या वेळी अक्षरांच्या तळाशी क्रोम होतं. माझ्या तक्रारीतला एकेक मुद्दा त्याने सुधारला होता.

मित्राला म्हटलं, व्हर्नियर लावून दांड्याची जाडी विचार. त्याने विचारली. तासाभरात उत्तर आलं: "नक्की कुठल्या जागी मोजायची, सर?"

मित्राने मला फोन केला, काय सांगू म्हणून. म्हटलं, काहीच सांगू नकोस.