कोठीपोट धरायचं कसं : वाइनगार्थ रिंग की कातडीला टाके?

गाईच्या पोटात प्लास्टिक आहे हे कळलं, डाव्या भकाळीत 20-25 सेंमीचा छेदही घेतला. आता हात आत घालण्याआधी कोठीपोट (गाईच्या चार पोटांतलं सगळ्यांत मोठं) जखमेशी पक्कं धरायचं आहे.

वाइनगार्थ रिंग म्हणजे कोठीपोट छेदाशी अडकवून धरणारं धातूचं कडं. ती पाचेक मिनिटांत बसते. छेदाच्या वरच्या टोकाला स्क्रूने कातडीवर आवळायची, कोठीपोट वर-खाली चिमट्यांनी पकडून तिला अडकवायचं, कापल्यावर कडा आकड्यांनी तिच्यावर ताणायच्या. हाताखाली माणूस नसेल तर हे सोयीचंच. टाक्यांना पंधरा-वीस मिनिटं जातात. कोठीपोटाची भिंत कातडीच्या कडेला चहूबाजूंनी सलग शिवायची. सुई बाहेरचं आवरण आणि स्नायू एवढ्यातूनच काढायची. आतल्या अस्तरापर्यंत गेली की त्याच भोकातून रस पाझरतो. खालच्या कोपऱ्यात टाके जवळजवळ हवेत, घाण तिथंच उतरते.

पुस्तकात गाय शेवटपर्यंत उभी असते. आपल्याकडे बऱ्याच गावांत जनावर उभं अडकवायचा खोडा नाही, गाय निंबाला बांधलेली, आणि ती मधेच बसते. (झायलाझीन हे गुंगीचं औषध जरा सढळ हाताने दिलं तर हमखास.) बसताना कोठीपोट आत ओढलं जातं, रिंग मात्र कातडीलाच राहते, आकडे कडा फाडून सुटतात आणि उघडी कड पोटाच्या पोकळीत जाते. त्या दिवशी गाय बरी दिसते, दोन-चार दिवसांत पोटाच्या आवरणाला सूज येऊन चारा सोडते. शिवलेलं कोठीपोट कातडीसोबतच हलतं, त्यामुळे गाय बसली तरी फट पडत नाही.

गिळलेल्या तारेमुळे जाळीपोट (कोठीपोटाला लागूनचं पुढचं पोट) चिकटलेलं असेल तर कोठीपोट रिंगपर्यंत पुरेसं वर येतही नाही. शिवाय लग्नसराईतल्या पिशव्या, चिंध्या, सुतळी यांचा पीळ पडलेला गोळा एका ओढीत निघत नाही. हात पन्नासदा आतबाहेर होतो आणि दर खेपेला आकड्यांवर ताण येतो.

पक्का खोडा, शांत जनावर आणि थोडाच माल असेल तर रिंगला नावं ठेवायचं कारण नाही. निंबाखाली मात्र मी सुई-दोराच उचलीन.

टाके घातले असतील तर घाई शेवटी नडते. आधी कोठीपोट दोन थरांत, कडा आत वळवून बंद करा, सलाईनने धुवा, हातमोजे आणि अवजारं बदला. कातडीचे टाके त्यानंतरच कापा.