रेगमॅप: ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा अभिप्राय

आयटूसी किंवा एसपीआय (चिप प्रोसेसरशी जोडायच्या दोन पद्धती) यांवरच्या चिपचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा कोड, लिहायला घेतला की मी आधी रेगमॅप जोडतो. चिपमधली रजिस्टरं, म्हणजे सेटिंग्ज आणि मोजमापं ठेवणारे छोटे कप्पे, वाचण्या-लिहिण्याचा हा लिनक्सच्या कर्नलमधला (गाभ्यातला) सामाईक कोड. गेली बरीच वर्षं वापरतोय आणि मनापासून शिफारस करतो.

मला सगळ्यात पटतो तो त्याचा जन्म. कुणी कोऱ्या कागदावर फ्रेमवर्क आखलं नव्हतं. ऑडिओ कोडेकच्या (आवाजाच्या चिपच्या) ड्रायव्हरांसाठी रजिस्टर वाचण्या-लिहिण्याचा सामाईक कोड साउंडच्या विभागात आधीच चालत होता. इतर ड्रायव्हरही तेच काम आपापल्या परीनं करत होते. मार्क ब्राउन यांनी तो कोड तिथून काढून सगळ्यांसाठी खुला केला आणि २०११ मध्ये ३.१ कर्नलमध्ये तो आला. आधी गिऱ्हाइकं, मग दुकान. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

बॉशच्या बीएमपी२८० या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर उघडून बघा. मोजमापाचा सगळा कोड एकाच फाइलमध्ये. आयटूसी आणि एसपीआयच्या फाइली छोट्या. एसपीआयवर लिहिताना या चिपला रजिस्टरच्या पत्त्याचा सगळ्यात वरचा बिट (बिट ७) शून्य लागतो. ती तऱ्हा एसपीआयच्या फाइलमध्येच हाताळली आहे, मुख्य कोडला तिचा पत्ताही नाही. एका चिपची खोड तिच्याच घरात राहावी, ती अशी.

कॅशे, म्हणजे रजिस्टरांतल्या आकड्यांची मेमरीत ठेवलेली प्रत, तीही उत्तम. चिपची वीज गेली तरी सेटिंग्ज एका हाकेत परत लिहून होतात. फक्त सतत बदलणारी रजिस्टरं 'व्होलाटाइल' म्हणून सांगायलाच हवीत. नाहीतर कॅशे चालू असताना पहिलं वाचलेलं तापमान दिवसभर तेच दिसत राहतं. डीबगएफएसमध्ये, म्हणजे चुका शोधण्यासाठी कर्नल दाखवतो त्या फाइलींत, रजिस्टरं आयती वाचता येतात, त्यानं माझ्या कितीतरी रात्री वाचल्या आहेत.

सगळीकडे मात्र ते लावू नका. सेन्सिरियनचा एसएचटी३१ हा तापमान-आर्द्रता मोजणारा सेन्सर सोळा बिटांच्या आज्ञांवर चालतो, उत्तरासोबत सीआरसी (चूक पकडायचा पडताळा-आकडा) पाठवतो. तिथे रजिस्टरांचा नकाशाच नाही. कर्नलमधला त्याचा ड्रायव्हर सरळ आयटूसीवर बोलतो, तेच बरोबर आहे.

टीममध्ये कुणी एकाच चिपसाठी 'पुढे सगळ्यांना उपयोगी पडेल' असा थर लिहायला घेतला, तर मी दुसरा आणि तिसरा ड्रायव्हर दाखव म्हणतो. तिन्हींत त्याच ओळी दिसल्या, तर थर लिहायला मीही शेजारी बसतो.