लढत विकत घ्यावी, की महिन्याचं सबस्क्रिप्शन पुरे?

अमेरिकेत राहून बॉक्सिंग बघणाऱ्याला दर दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न पडतोच. मी दोन्ही करून पाहिलंय.

पे-पर-व्ह्यूला, म्हणजे एकेका लढतीचे वेगळे पैसे घेण्याच्या पद्धतीला, सरसकट नावं ठेवणार नाही. तोलामोलाचे दोन बॉक्सर समोरासमोर यायचे तर पैसा लागतो, आणि तो बराचसा इथूनच येतो. 2015 ची मेवेदर-पॅकियाओ लढत एचडीत 99.95 डॉलरला होती, तरी ती विकत घेणाऱ्यांची संख्या 46 लाखांच्या घरात गेली.

मला नडलं ते वेगळंच. एवढे पैसे एकट्याने मोजायला हात धजत नाही, म्हणून माणसं जमवून वर्गणी काढावी लागते. एप्रिल 2023 ला डेव्हिस-गार्सिया लढतीचे 84.99 डॉलर होते. आम्ही सहाजण, माणशी साधारण चौदा. मुख्य लढत लागेपर्यंत मध्यरात्र होत आलेली, खोलीत गप्पांना ऊत आलेला. सातव्या फेरीत डेव्हिसचा डावा गार्सियाच्या बरगडीखाली बसला. गार्सिया पाऊलभर मागे सरकला, आणि मग गुडघ्यावर आला. यकृतावरचा ठोसा असाच क्षणभर उशिरा कळतो. आणि नेमका तोच क्षण माझा हुकला, कारण शेजारचा विचारत होता, "यातला चांगला कोण रे?" त्याचा दोष नाही. त्याला बॉक्सिंगसाठी नव्हे, वर्गणीसाठी बोलावलं होतं.

तीनच महिन्यांनी, मंगळवारी सकाळी, टोकियोहून इनोउए-फुल्टन लागली. ईएसपीएन प्लस या स्ट्रीमिंग सेवेच्या तेव्हाच्या महिन्याच्या 9.99 डॉलरमध्येच, वर एक पैसा नाही. घरात मी एकटा. आठव्या फेरीत इनोउएने पोटावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, टाकला आणि त्याच लयीत उजवा थेट चेहऱ्यावर. मी ते चार-पाच वेळा मागे नेऊन पाहिलं. फुल्टनचं लक्ष खाली कसं ओढलं गेलं, ते तेव्हा कुठे दिसलं.

सबस्क्रिप्शनवालेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. पे-पर-व्ह्यूचे दिवस संपले असं सांगत 2018 ला अमेरिकेत आलेल्या डॅझ्न या स्ट्रीमिंग सेवेने 2022 च्या कॅनेलो-बिव्होलसाठी स्वतःच्या ग्राहकांकडूनही वेगळे 59.99 डॉलर घेतले. तो विश्वासघातच म्हणायचा. पण 2025 ची कॅनेलो-क्रॉफर्ड नेटफ्लिक्सवर जादा पैसे न घेता दाखवली गेलीच, म्हणजे जमतं.

फेरी चालू असताना गप्प बसणारी चार माणसं तुमच्याकडे असतील, तर कदाचित तुमचा हिशेब वेगळा येईल. मी मात्र त्या एप्रिलनंतर एकच लढत विकत घेतली: मे 2024 ची उसिक-फ्युरी, 69.99 डॉलर. लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदाच हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात वजनदार गटाचा, निर्विवाद विजेता (सगळे प्रमुख किताब एकाच्याच हाती) ठरणार होता. ती सोडवली नाही. पण कुणाला बोलावलं नाही, सगळे पैसे एकट्याने भरले. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर कोलमडला, तेव्हा खोलीत समालोचकाशिवाय कुणाचाच आवाज नव्हता.