एलपीएन ते एमडी ‘ब्रिज’च्या नावाखाली मी कशी फसले

मी अमेरिकेत एलपीएन आहे, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. वर्षभराचा कोर्स केला, एनक्लेक्स-पीएन ही परवाना परीक्षा पास झाले आणि गेली सहा वर्षं एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते आहे. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कुणाजवळ बोलत नव्हते. ज्या माणसाजवळ बोलले, त्यानेच मला लुटलं.

तो मराठीत बोलला. हे आधी सांगते, कारण माझी शंका तिथेच मावळली. म्हणाला, “ताई, सहा वर्षं पेशंट सांभाळताय, आता पहिलीपासून कशाला सुरुवात करता? तुमचा अनुभव अभ्यासाच्या क्रेडिटमध्ये धरला जातो.” आपल्या कामाची कुणीतरी कदर करतंय असं वाटलं. त्या एका वाक्यासाठी मी पैसे दिले, हे आज कळतं.

त्याची योजना अशी : अठरा महिन्यांचा ऑनलाइन ‘एलपीएन ते एमडी ब्रिज’ (एमडी म्हणजे इथली डॉक्टरची मूळ पदवी), एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेतून सूट, आणि शेवटी मेडिकल कॉलेजची राखीव जागा. तुम्ही नर्सिंगमध्ये नसाल तर हे ऐकताच थापा वाटेल. पण आमच्या क्षेत्रात ‘ब्रिज’, म्हणजे एका पायरीवरून वरच्या पायरीवर नेणारा कोर्स, हा रोजचा शब्द आहे. एलपीएन ते आरएन (रजिस्टर्ड नर्स) ब्रिज खरोखर असतो, आरएन ते बीएसएन (नर्सिंगची पदवी) असाही असतो. माझ्या दोन मैत्रिणी त्याच वाटेने गेल्या. मग डॉक्टरसाठीही असेल, असं मी धरून चालले. नेमकी हीच जागा त्याला माहीत होती.

नोंदणीचे ३,२०० डॉलर क्रेडिट कार्डावरून दिले. चार महिन्यांनी ‘अनुभव मूल्यमापना’चे आणखी १,४०० मागितले, तेही ‘आजच्या आज, थेट बँकेतून’. तेही पाठवले. बदल्यात पीडीएफ आल्या, कितीही वेळा देता येतील अशा चाचण्या आल्या, आणि एका ‘विद्यापीठा’चं गुणपत्रक आलं. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूलमधून ७,६०० हून अधिक बनावट डिप्लोमा विकल्याचं प्रकरण उघडकीस आलं होतं. ती बातमी मला पक्की आठवत होती. तरी मी स्वतःला समजावलं की त्यांनी अभ्यास न करता कागद विकत घेतले, मी तर रात्रपाळी संपवून दोन-दोन तास बसते आहे.

पुढच्या हप्त्याआधी मी एका मेडिकल कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात फोन केला. बाईंनी शांतपणे विचारलं, “पदवी कुठली? ऑरगॅनिक केमिस्ट्री प्रयोगशाळेसह कुठे केलीत? एमकॅट कधी दिलीत?” तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. विद्यापीठाचं नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मान्यता नसेल तर हे क्रेडिट धरता येणार नाहीत. पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. नर्सिंगचा अनुभव अर्जात वजनदार ठरतो, पण तो रुग्णसेवेचा अनुभव म्हणून. एकाही विषयाची जागा तो घेत नाही.

म्हणजे त्याने सांगितलेलं अर्धं खरं होतं. म्हणूनच ते पचलं.

खरा रस्ता लांब आहे. बहुतेक कॉलेजांना चार वर्षांची पदवी लागते. तिच्यात किंवा तिच्यासोबत जीवशास्त्र, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र, बायोकेमिस्ट्री. कुठे काय चालतं ते प्रत्येक कॉलेजच्या पानावर वाचावं लागतं. मग एमकॅट : चार विभाग, गुण ४७२ ते ५२८ च्या दरम्यान. एमडीचे बहुतेक अर्ज एएमसीएएस या सामायिक अर्जसेवेतून जातात आणि तिथे अमेरिकेत शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं गुणपत्रक थेट कॉलेजकडूनच मागतात. पुढे साधारण चार वर्षं मेडिकल आणि किमान तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. एलपीएनचा परवाना हातात असला म्हणून यातलं एकही वर्ष कमी होत नाही.

पैशांचं सांगते. कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार करायला कायद्याने बिल पाठवल्यापासून साठ दिवस मिळतात. माझे ते केव्हाच उलटून गेले होते. तरी मी करारपत्र आणि ‘राखीव जागे’च्या ईमेलसह तक्रार केली. बरेच महिने पाठपुरावा केल्यावर निम्मे परत आले. बँकेतून गेलेले १,४०० गेलेच. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलकडेही तक्रार नोंदवली आहे.

कुणी असं काही दाखवलं तर आधी एलसीएमई या मेडिकल कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेची यादी उघडा. एमडी देणारी अमेरिकेतली मान्यताप्राप्त कॉलेजं तीच. डीओ ही डॉक्टर होण्याची दुसरी पदवी, तिच्यासाठी सीओसीए या मान्यता संस्थेची यादी बघा. बाकी कॉलेजांची मान्यता फेडरल शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येते. मला दहा मिनिटं लागली असती. त्याने एकदा चिडून म्हटलं होतं, “ताई, कॉलेजला फोन कशाला? मी आहे ना.” तेव्हा मी गप्प बसले.

आता मी कम्युनिटी कॉलेजात जनरल केमिस्ट्री घेतली आहे, मंगळवारी संध्याकाळी लॅब असते. मागच्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या एका मराठी सीएनएने, म्हणजे नर्सिंग साहाय्यिकेने, मला फोनवर एक माहितीपत्रक दाखवलं. विद्यापीठाचं नाव वेगळं होतं, आत शब्द तेच होते. तिला उद्या पहिला हप्ता भरायचा होता. त्या रात्री औषधं वाटून झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून एलसीएमईची यादी उघडली.