गावची झेडपीची शाळा: पोरगी दोन वर्षं टाकून पाहिल्यावर

माझी पोरगी पहिली-दुसरी तालुक्याच्या कॉन्व्हेंटात होती. आमच्याकडे गळ्यात टाय असला की शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. सकाळी सातला ऑटो यायचा. एका ऑटोत १४ पोट्टे, त्यातले दोन ड्रायव्हरला खेटून. दुसरी संपत आली तेव्हा मी तिच्यासमोर बियाण्याची रिकामी पिशवी धरली. 'कापूस' एवढं तिनं बोंडाच्या चित्रावरून सांगितलं, पुढचं अक्षर लागेना. इंग्रजी कविता मात्र धडाधड पाठ. त्या साली बोंडअळीनं पऱ्हाटीही खाल्ली होती अन् फी थकली होती. शाळा बदलायचं अर्धं कारण तेच, लपवण्यात अर्थ नाही. तिसरीला गावच्या जिल्हा परिषदेत नाव टाकलं, आता चौथी झाली. शाळेचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या पट्ट्यात अशा शाळा पुष्कळ आहेत.

पट ४३, पहिली ते पाचवी मिळून. शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात ६० पोरांपर्यंत दोनच मास्तर, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण कायदा डोकी मोजतो, वर्ग मोजत नाही. मॅडम पहिली-दुसरी घेतात, सर बाकीचे तीन वर्ग एकाच खोलीत. त्यातही एक जण मोबाइलवर माहिती भरत असतो: खिचडी किती पोरांनी खाल्ली, आधार कोणाचं जुळत नाही, वरून मतदार यादीचं काम. महिन्यातले तीन-चार दिवस एकच मास्तर अन् ४३ पोरं. त्या दिवशी शिकणं होत नाही, नुसती राखण होते. प्रवेश घेणाऱ्यानं हे धरूनच चालावं.

आता पोरं कोणाची? १७ पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतली, १२ बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, बाकी गावातली. गावातही ज्याचं वावर ओलिताचं, त्याचं पोरगं ऑटोत बसून जाते. झेडपीत उरलो आम्ही कोरडवाहूवाले. घरी कोणी कोलामी बोलते, कोणी बंजाऱ्यांची गोरमाटी, कोणी वऱ्हाडी, अन् पुस्तक पुण्या-मुंबईच्या मराठीत. पहिलीतलं पोडावरचं पोरगं 'पाणी' वाचते, पण त्याच्या घरी पाण्याला 'ईर' म्हणतात. मॅडमनं यावर एक गोष्ट भारी केली. भिंतीवर खडूनं तीन रकाने आखले. पाणी लिहिलं की शेजारी ईर, भाकर लिहिली की गोरमाटीच्या रकान्यात बाटी. मोकळी घरं पोरांनी घरी विचारून भरायची. माझी पोरगी महिनाभर आजीला "ईर दे न आजी" म्हणत फिरली. आजी चिडायची. कॉन्व्हेंटात मराठीत बोललं तर दंड होता.

निकालाचं जरा सविस्तर सांगतो, कारण लोक तिथंच फसतात. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत निपुणचे, म्हणजे पोरांना वाचन अन् गणित किती येते त्या सरकारी चाचणीचे आकडे वाचले तेव्हा आमची शाळा खालून दुसरी निघाली. गावात बोंब झाली, मास्तर शिकवतच नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणून हजेरीपुस्तक मागितलं. दिवाळीनंतर तांड्यावरची ७ पोरं मायबापासंगं ऊसतोडीला गेलेली, होळीच्या पुढंमागं परतलेली. कापूस वेचणीत पोडावरच्या पोरी लहान भावाला सांभाळायला घरी. नावं पटावर तशीच. चाचणीच्या दिवशी ही पोरंही बसतात अन् त्यांचा भोपळा सरांच्या खात्यात पडतो. कॉन्व्हेंटात असं पोरगं पाय ठेवत नाही, मग तिथला निकाल चांगलाच दिसणार न!

'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीची माणसं घरोघरी जाऊन पोराला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला अन् हातच्याची वजाबाकी करायला देतात. तसंच मी करून पाहिलं. तिसरी ते पाचवीतली जी पोरं वर्षभर वर्गात बसली ती १४ निघाली. ११ जणांनी उतारा वाचला, दोघं अडखळत, पण वाचला. वजाबाकी सहाच जणांना आली. भागाकार विचारून मी स्वतःच शरमलो. सरांना गणित शिकवायचा कंटाळा आहे. हे मी समितीत त्यांच्या तोंडावर बोललो, ते दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत.

पोरगी त्या सहातली. यंदा कापूस विकायला जिनिंगवर गेलो तेव्हा पिकअपमध्ये ती माझ्यासंगं होती. काट्यावर भरलेली गाडी ३१४० किलो, रिकामी १८६५. पावतीच्या मागच्या बाजूला तिनं हातचा घेऊन १२७५ काढले अन् म्हणाली, "बाबा, यानं १२५५ काहून लिवले?" काट्यावरचा बाबू म्हणाला, ओलीची कटती, म्हणजे ओल्या कापसाचं वजन कापलं. मी म्हटलं, कटती असंल तर वेगळी लिहा. त्यानं मुकाट्यानं वीस किलो पुन्हा जोडले.

खिचडी चांगली असते. शिजवणारी बाई तांड्यावरची, फोडणीत कंजूषी करत नाही. माणशी १०० ग्रॅम तांदळात मोठ्या पोराचं भागत नाही, ते ताट घेऊन पुन्हा रांगेत येते. संडास आहे पण उन्हाळ्यात टाकीत पाणी नसते, पोरी घरी पळतात, त्यातल्या काही दुपारी परत येत नाहीत. ग्रामपंचायतीला दोन अर्ज दिले, पोच दोन्हीची आहे.

ज्याला नाव टाकायचं त्यानं जूनच्या शेवटी शाळा उघडताच जावं, जन्मदाखला अन् आधार घेऊन, अन् दहाच्या आत, नाहीतर सर तालुक्याला निघून जातात. पुढं सहावीला सात किलोमीटरवरची शाळा. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मानव विकास योजनेची पोरींसाठीची निळी बस फाट्यावरून जाते. मी आताच जाऊन पाहून आलो. वेळ साडेनऊची आहे, पण आमच्या फाट्यावर ती थांबते की नाही ते त्या दिवशीच्या ड्रायव्हरवर. एकदा थांबली, एकदा पोरं हात दाखवत राहिली.